आप्पा, हळद आणि एच-इंडेक्स

दिवाळीला धाकटी घरी आली तेव्हा लॅपटॉपवर कुठल्यातरी संस्थेचा नोकरीचा फॉर्म भरत बसली होती. ती मेंदूवर रिसर्च करते, म्हणजे उंदरांच्या मेंदूवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो आठवणींशी संबंधित, त्यावर. आता फॉर्ममध्ये रकाने काय, तर एकूण रिसर्च पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. आप्पा चहा घेत शेजारीच बसलेले, चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची अडत केलेला माणूस, आकडे दिसले की गप्प बसवत नाही.

"एच म्हणजे काय गं?"

ती सांगायला लागली आणि चुकलीच, नेहमीसारखी लेक्चरच्या भाषेत. शेवटी मी खतावणीवर आणलं. आप्पा, समजा आपली 11 गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यातल्या 7 जणांनी प्रत्येकी निदान 7 वेळा तरी माल नेलाय, पण 8 वेळा नेणारे 8 जण काही भरत नाहीत, तर आपला एच 7. गिऱ्हाईक म्हणजे पेपर, आणि माल नेला म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा संदर्भ दिला, त्यालाच सायटेशन म्हणतात, बास. होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने 2005 मध्ये हे काढलं, आणि आता सगळीकडे तेच विचारतात.

आप्पांनी लगेच स्क्रीनकडे बोट केलं. "मग हा 340 वाला?"

तिच्या 11 पेपरांत एकाला 340 सायटेशन आहेत. ते एक सॉफ्टवेअर आहे, मेंदूतल्या पेशींचे सिग्नल वेगळे करायचं, ज्याला त्याला लागतं म्हणून जो तो संदर्भ देतो. त्यात लेखकांच्या यादीत हिचं नाव पाचवं. आणि जिच्यासाठी चार वर्षं घातली (उंदराच्या डोक्यात बारीक तारा बसवायच्या, तो बरा व्हायची वाट बघायची, मग रोज ट्रेनिंग, आणि मध्येच एखादा उंदीर मेला की महिने पाण्यात) ती स्टडी, जिच्यावर पहिलं नाव हिचं, तिला 17.

"म्हणजे 340 ला माल दुसऱ्याचा, आपली नुसती अडत," आप्पा म्हणाले. धाकटी इतकी हसली की चहा सांडला. पण खरं सांगायचं तर मला त्या फॉर्मचा रागच आला, कारण त्याला फक्त बेरीज पाहिजे होती, कुठल्या पेपरात कितवं नाव आणि काम कुणी केलं हे विचारणारा रकानाच नाही.

मग ती उशिरा दाद मिळालेल्यांच्या गोष्टी सांगत बसली आणि रात्रीचे बारा वाजले. जॉन ओकीफ नावाच्या मेंदूवाल्या शास्त्रज्ञाने 1971 मध्ये दोस्त्रोव्हस्की नावाच्या जोडीदाराबरोबर चार-पाच पानांचा छोटासा पेपर काढला, की उंदीर ठरावीक जागी गेला की हिप्पोकॅम्पसमधली ठरावीक पेशी सिग्नल द्यायला लागते. नोबेल मिळालं 2014 ला. 43 वर्षं! त्याच्याही आधी स्पेनचा काहाल, मेंदूच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघणारा, 1888 मध्ये स्वतःच्या पैशाने स्वतःचं मासिक छापलं, 60 प्रती फक्त, आणि पोस्टाने परदेशातल्या मोठ्या लोकांना पाठवल्या. कुणी फारसं वाचलं नाही म्हणून पुढच्या वर्षी काचेच्या स्लाइड घेऊन स्वतःच बर्लिनला गेला आणि लोकांना हाताला धरून मायक्रोस्कोपपाशी नेऊन दाखवलं. 1906 ला त्याला नोबेल. आप्पांना हा माणूस लई आवडला, "सॅम्पल घेऊन दारात गेला की" म्हणाले.

उलटं पण आहे. अल्झायमरवरचा 2006 चा एक पेपर, नेचर नावाच्या मोठ्या विज्ञान नियतकालिकात आलेला, त्याला सुमारे 2500 संदर्भ मिळाले, आणि 2022 मध्ये त्यातल्या फोटोंत फेरफार असल्याची शंका बाहेर आली, 2024 ला पेपर मागे घेतला गेला. आता ते 2500 कुठे गेले? कुठेच नाही, मोजणारा मोजतोच. कुणी पेपरला चूक ठरवायला संदर्भ दिला तरी सायटेशन एकच. यार्डात निदान पोतं फोडून हळकुंड मोडून बघतात, आतला रंग कसा आहे, ते इथे करायचं म्हटलं तर माणसाला पूर्ण पेपर वाचावा लागेल, आणि एका जागेला शेकडो अर्ज आले असतील तर कोण वाचणार, हेही मला कळतं.

फॉर्म गेला. अजून उत्तर नाही.

आता आप्पांचा नवीन नाद, दर सोमवारी मला विचारतात, "तिचा 17 वाला किती झाला?" जसा हळदीचा भाव विचारावा तसा. गेल्या आठवड्यात 18 दिसला, मी तिला आनंदाने फोन लावला. तर म्हणते, "दादा, तो माझाच नवीन पेपर आहे, मीच दिलाय संदर्भ, पुढचं काम आहे ना ते."

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "घरचं गिऱ्हाईक. लिही, पण उधारीच्या पानावर."