गच्चीवरची इशारा पातळी

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे कळायच्या आमच्या गल्लीत जुन्या आणि खात्रीच्या पद्धती आहेत. टाकीवर बोटाच्या पेरांनी ठोकत वरून खाली यायचं आणि जिथं आवाज बदलला तिथं पाणी, ही एक. खालून वर ओरडून विचारायचं, वर कुणीतरी असतंच, कपडे वाळत घालणारं नाहीतर अभ्यासाच्या नावाखाली मोबाईल बघणारं, ही दुसरी. आणि सगळ्यात भरवशाची म्हणजे मोटर चालू करून खुशाल विसरून जायचं, टाकी भरून पाणी शेजारच्या पत्र्यावर पडायला लागलं की पलीकडून "ओ वैनी, टाकी भरलीऽऽ" अशी हाक येतेच येते. ह्या सिस्टीमला बॅटरी लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि अपडेट तर कधीच मागत नाही.

असं सगळं बरं चाललेलं असताना त्यात पाणी मोजून मोबाईलवर सांगणारा काही शे रुपयांचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घालायची काय गरज होती हा प्रश्न घरातल्यांनी रीतसर विचारलेला आहे, आणि मी पण दरवेळी विषय बदललेला आहे. नाद आहे, दुसरं काय सांगणार.

बोर्ड म्हणजे नोडएमसीयू, त्यावर ईएसपी ८२६६ नावाची शांघायच्या एका कंपनीची चिप. ही चिप २०१४ च्या सुमाराला बाजारात आली तेव्हा तिचं काम एवढंच होतं की दुसऱ्या कुठल्यातरी बोर्डाला वायफाय पुरवायचं, म्हणजे थोडक्यात हमाली. कागदपत्रं सगळी चिनी भाषेत. पण जगभरच्या उद्योगी लोकांनी ती बसून भाषांतर केली आणि मग लक्षात आलं की अरे, ही हमालच एवढी हुशार आहे की हिच्यातच कोड टाकता येतो, वरचा मुकादम लागतच नाही. त्याच्या आधी आर्डुइनो होताच, कोड टाकून चालवायचा असाच एक बोर्ड, २००५ चा, इटलीतल्या इव्रेआ गावच्या डिझाईन शिकवणाऱ्या संस्थेत जन्मलेला, विद्यार्थ्यांना स्वस्तात काहीतरी मिळावं म्हणून. त्याचं नाव त्या गावातल्या एका बारवरून ठेवलंय आणि त्या बारला नाव हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन नावाच्या राजाचं. राजाचं नाव बारला, बारचं नाव बोर्डाला, आणि तो बोर्ड आज इथं कोल्हापुरात शिवाजी पेठेत कुणाच्या तरी टेबलावर लाईट उघडझाप करतोय, ह्याचं मला उगीचच बरं वाटतं.

सुरुवात सगळ्यांची त्या उघडझापीनंच होते. बोर्डवरचा बारका निळा दिवा एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. ह्याच्याआधी अर्धा तास कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नसतो कारण घरातली केबल नुसती चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, बाहेरून बघून काय कळत नाही. मग दिवा लागतो. घरच्यांना बोलवून दाखवलं तर ते एकदा दिव्याकडं आणि एकदा आपल्याकडं बघतात आणि जेवायला चला म्हणतात. त्यांचं काय चुकत नाही, दिवा लागला तर बटण दाबल्यावर पण लागतो. पण तो दिवा मी लिहिलेल्या ओळीनं लागलाय ही मजा ज्याला कळली तो गेला, त्याचे पुढचे सगळे रविवार गेले.

तर टाकी. पाणी मोजायला घेतला आवाजावर चालणारा सेन्सर, अल्ट्रासोनिक. त्याला १० मायक्रोसेकंदाचा एक सिग्नल दिला की तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, आणि जायला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे पाणी अर्धा मीटर खाली असलं तर जाऊन येऊन जेमतेम ३ मिलिसेकंद. गणित आठवीतल्या पोराला जमेल एवढं सोपं. त्याचा परतीचा सिग्नल ५ व्होल्टचा आणि आपला बोर्ड ३.३ व्होल्टचा, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवायला दोन रेझिस्टर टाकायचे, झालं. टेबलावर तर सगळं एकदम झ्याक चालतं, हात धरला की हाताचं अंतर, डबा धरला की डब्याचं.

टाकीत गेल्यावर मात्र खरी गंमत चालू होते. तिथं वाफ असते. सेन्सर जरा जरी तिरका बसला तरी आवाज पाण्याकडं न जाता टाकीच्या भिंतीवर आपटतो आणि टाकी कायम भरलेलीच दिसते. साधा सेन्सर ओल धरून मरतो म्हणून पाणी न लागणारा घ्यायचा, तर त्याला वीसेक सेंटीमीटरच्या आतलं दिसतच नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरायला आली की नेमका तेव्हाच तो आंधळा. आणि सगळ्यात भारी प्रकार उन्हाळ्यातला, एप्रिलमध्ये भर दुपारी, घरात पाणी कुणी घेत नाही, मोटर बंद, आणि तरी टाकीतलं पाणी हळूहळू इंचभर वाढतं आणि संध्याकाळी परत खाली जातं. आपोआप. कारण असं की गरम हवेत आवाज जोरात पळतो, २० डिग्रीला ३४३ मीटर तर ४० डिग्रीला ३५५ च्या आसपास, आणि काळी टाकी उन्हात आतून किती तापते ते दुपारी नळाला हात लावलेल्याला सांगायला नको. आवाज लवकर परत आला की बोर्डाला वाटतं पाणी जवळ आलं. मग त्याला तापमान सांगायला अजून एक सेन्सर, डीएस१८बी२०, स्टीलच्या नळीतला. हा पण स्वभावाचा एकेक, नुसती लाईट आल्या आल्या त्याला विचारलं की ८५ डिग्री म्हणून सांगतो, कारण मोजून व्हायच्या आधी त्याच्या खिशात तोच आकडा ठेवलेला असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं टाकी उकळायला लागली.

सेन्सर सरळ धरून ठेवायला झाकणात एक रिंग पाहिजे होती. ऑनलाईन लोक थ्रीडी प्रिंटर वापरतात. पण कोल्हापुरात राहून थ्रीडी प्रिंटर कशाला शोधायचा, उद्यमनगर कशासाठी आहे. तिथं एका लेथवर गेलो, सेन्सर दाखवला, मामांनी तो दोन बोटांत धरून फिरवून बघितला.

"काय बसवालाईस ह्यात?"

"सेन्सर आहे मामा. टाकीतलं पाणी मोजायला."

"किती खोल हाय टाकी?"

"असेल चार फूट."

"मग काठी घाल की."

ह्याच्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. पण काम मात्र त्यांनी मनावर घेतलं. व्हर्नियरनं दोन ठिकाणी माप घेतलं, नायलॉनचा तुकडा चकमध्ये धरला, पांढरी सालं लांबच लांब निघून पायाशी पडत होती आणि मध्येच मशीन थांबवून विचारलं, टाकीवरच बसणार न्हवं, कायम ओलीत? हो म्हणालो. तर म्हणाले, "नायलॉन पाणी पितंय, मग फुगतंय. गच्च केलं तर तुझं यंत्र आत आवळून बसंल, निघायचं न्हाई. केसभर ढिलं ठेवतो." मी हे सगळं करायला जेवढे व्हिडीओ बघितले होते त्यात एकानंही ही गोष्ट सांगितली नव्हती. वायफाय कसं जोडायचं हे सगळे सांगतात, नायलॉन फुगतंय हे सांगायला लेथवरचाच माणूस लागतो. मला विचाराल तर ह्या छंदातला निम्मा भाग कोडचा नाहीच, तो असल्या ढिल्या-गच्चचा आहे.

आकडा घरात आणायचं काम एमक्यूटीटीचं. ही निरोप पोचवायची पद्धत १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि त्यांच्याबरोबर आर्लेन निपर अशा दोघांनी काढली, कशासाठी, तर ओसाड रानातनं जाणाऱ्या तेलाच्या पाइपलाईनवर नजर ठेवायला, उपग्रहावरनं निरोप पाठवायचे आणि ते महाग, म्हणून निरोप होईल तेवढा बारका. तेलासाठी काढलेल्या त्याच वाटेनं आमचं पाणी आता जुन्या लॅपटॉपवर येतं. टॉपिकला, म्हणजे निरोपाच्या पत्त्याला, नाव मराठीत दिलं तरी चालतं, त्यामुळं आमच्या बोर्डाचा पत्ता घर/गच्ची/टाकी असा आहे. त्यात मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे बोर्ड जोडला जाताना आधीच एक शेवटचा निरोप लिहून ठेवतो, की मी अचानक गप्प झालो तर सगळ्यांना एवढं सांगा. लाईट गेली, बोर्ड बंद पडला, की थोड्या वेळानं तो निरोप आपोआप सगळ्यांना जातो. मी तिथं लिहिलंय "मी गेलो, टाकी तुम्हीच बघा."

लाईटवरनं आठवलं, ह्या बोर्डात चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक आकडा असतो तो साधारण ४९.७ दिवसांनी भरतो आणि परत शून्यावर येतो, आणि कोड नीट लिहिला नसेल तर त्या दिवशी सगळं अडकतं. परदेशातले लोक ह्याला फार भितात. आमच्याकडं सलग एवढे दिवस लाईट राहतेय कुठं.

एवढं सगळं होऊन मोबाईलवर आकडा यायला लागला. टाकी ६२ टक्के. आण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, बरं म्हणाले, आणि उठून गच्चीवर बघायला गेले.

मला आधी जरा राग आला होता, पण मग म्हटलं ह्यात नवीन काय आहे, अख्खं कोल्हापूर पावसाळ्यात हेच करतं. जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर काही तासांनी प्रत्येकाच्या मोबाईलवर येते, फूट आणि इंच, किती बंधारे पाण्याखाली ते पण. ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे इथं शाळेतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं आकड्याची किंमत कुणाला शिकवायला नको. आणि तरी, आकडा हातात असताना, लोक छत्री घेऊन, पोरांना गाडीवर पुढं बसवून पंचगंगेवर पाणी बघायला जातातच. काठावर उभं राहून एकमेकांना सांगतात, सकाळपेक्षा वाढलंय. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावर पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं की जुनी माणसं मच्छिंद्री झाली म्हणतात, म्हणजे पुलातच सेन्सर बसवून ठेवलेला आहे आणि त्याचं रीडिंग घ्यायला जावं लागतं एवढंच. आकडा आला म्हणून बघायचं थांबत नाही, उलट आकडा आला की उठून बघावंसं वाटतं.

आणि आपोआप चालणाऱ्या गोष्टींचं कौतुक आम्हाला सांगावं तर राधानगरी आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर हाती घेतलेलं धरण, त्याला ७ स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, उतरलं की आपला बंद होतो. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. कोड नाही, राउटर नाही, पाऊस धोधो असताना हमखास जाणारी लाईट तर लागतच नाही. रात्री अडीचला चौथा दरवाजा उघडला असा मेसेज आला की लोक अंथरुणात पडल्या पडल्या हिशोब करतात की हे पाणी इथं कधी पोचणार. मी एकदा ते दरवाजे डोळ्यासमोर आणून माझ्या रिलेच्या, म्हणजे बोर्डाच्या सांगण्यावरनं मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, जोडणीकडं बघितलं आणि गप बसलो. शेतकऱ्यांचं पण तसंच, आमच्या पाहुण्यांच्यात उसाच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर कधीचा आहे, रात्रीची तीन फेज लाईट आली की घरात बसून कॉल करायचा, मोटर चालू. त्यांनी कधी ह्याला छंद म्हटलं नाही, थंडीत रात्री दोनला रानात जायचं वाचलं एवढंच म्हणाले.

रिलेचं राहिलंच. टाकी भरली की मोटर आपोआप बंद, हा माझा पुढचा बेत होता, त्याला आण्णांनी साफ नाही म्हटलं. मोजायचं ते मोज, पण बटणाला हात लावायचा नाही. मी वाद घातला नाही, कारण आवाजानं फसणारा सेन्सर आणि पाण्याच्या मोटरीचं बटण ह्यांची सोयरीक मला पण जरा धाडसाचीच वाटत होती. शिवाय त्यांची अजून एक तक्रार होती, ती मात्र मला एकदम पटली. टक्के काय कळत नाहीत म्हणाले. ६२ टक्के म्हणजे किती? फूट-इंचात सांग. आणि किती झाल्यावर मोटर बंद करायची ती एक रेघ ठरव, आणि त्याच्या आधीची एक.

म्हणजे इशारा आणि धोका. एका रविवारी बसून तेवढं केलं. आता टाकी भरत आली की आण्णांच्या मोबाईलवर मेसेज येतो, "पाणी पातळी ३ फूट ४ इंच. इशारा पातळी ओलांडली. पाणी वाढत आहे." त्यांना तो इतका आवडला की पहिल्याच दिवशी त्यांनी तो नातेवाईकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला. दहा मिनिटांत ठाण्याहून आत्याचा फोन, सगळी बरी आहात न्हवं, सामान वर चढवलं का, आणि गाडी पाठवू का. आण्णांनी सांगितलं, अगं टाकीचं आहे. आत्या म्हणाली, टाकी पण पाण्यात गेली?

आता मेसेजच्या सुरुवातीला "गच्चीवरची टाकी" असं घातलंय. आत्यानं पण मेसेज चालू करून घेतलाय, इशारा पातळी आली की तिकडनं आईला फोन करते, वैनी, मोटर बंद करा.