ताकाराझुकाचा जिना

जपानच्या सहलींची जी वेळापत्रके आपल्याकडे हाती पडतात त्यांत ताकाराझुका या गावाचे नाव सहसा नसते, आणि परदेशी प्रवाशांच्या लिखाणात ते आलेच, तर ‘बायकांनी पुरुषांची कामे केलेली झगमगती नाटके’ एवढ्या वाक्यात निकालात काढलेले असते. तो निकाल मला मान्य नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे. 2024 च्या जुलैमध्ये मी क्योटोची देवळे पाहिली, नारा पाहिले, हिमेजीचा किल्लाही पाहिला. त्यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. ताकाराझुकातील एका दुपारविषयी मात्र आहे.

ओसाकातील उमेदा स्थानकावरून हान्क्यू रेल्वेची काळपट तांबडी गाडी निघते आणि अर्ध्यापाऊण तासात मुको नदीकाठच्या या गावात पोचते. गावाची सारी कीर्ती या रेल्वेमुळेच आहे. इचिझो कोबायाशी या उद्योजकाने 1910 मध्ये हा मार्ग सुरू केला, पण टोकाला गरम पाण्याचे झरे सोडून फारसे काही नसल्याने उतारू मिळेनात. त्याने येथे एक बंदिस्त जलतरण तलाव बांधला आणि तोही चालला नाही. तेव्हा तलावावर फळ्या टाकून त्याचे नाट्यगृह केले, 1913 मध्ये मुलींचे गायनपथक उभे केले आणि 1914 च्या एप्रिलमध्ये पहिला प्रयोग लावला. त्याच 1913 साली आपल्याकडे बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली होती. तिकडे सगळ्या भूमिका स्त्रिया करीत, इकडे सगळ्या पुरुष करीत, आणि दोन्हीकडे नाटक म्हटले की गाणे आलेच. हे साम्य मनात असल्यामुळे मी तेथे एखादा चमत्कार पाहायला जावे तशी गेले नाही. आपल्याकडे मागे पडलेली एक परंपरा दुसऱ्या टोकाने अजून नांदते आहे, ती पाहायला गेले.

मला पाहायचे होते ते ‘व्हर्सायचा गुलाब’. रियोको इकेदा यांचे हे मालिकारूप कॉमिक 1972 आणि 1973 या वर्षांत मुलींच्या एका साप्ताहिकात येत होते. सुरुवात केली तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. श्टेफान त्स्वाइग यांनी लिहिलेल्या मारी आंत्वानेतच्या चरित्राने त्या भारावून गेल्या होत्या; मात्र फ्रान्सची राणी आणि स्वीडनचा सरदार फेर्सन या इतिहासातील दोघांच्या मध्ये त्यांनी ऑस्कर नावाची एक काल्पनिक व्यक्ती उभी केली. ऑस्कर ही सेनापतीची सहावी मुलगी असून बापाने तिला मुलगा म्हणून वाढवले आहे. ती राणीच्या रक्षकदलाची अधिकारी होते आणि अखेरीस फ्रेंच राज्यक्रांतीत बास्तीय तुरुंगाच्या लढ्यात लोकांच्या बाजूने लढताना मरते. ताकाराझुकाच्या मंडळीत वेगवेगळी पथके आहेत, त्यांतल्या चंद्र पथकाने 1974 च्या ऑगस्टमध्ये या कथेचे संगीतनाटक केले. कागदावरच्या माणसांना हाडामांसाची माणसे कशी शोभतील, या काळजीने कॉमिकच्या वाचकांनी आधी विरोधाची पत्रे पाठवली होती. दूरदर्शन संचांच्या त्या काळात मंडळीचा प्रेक्षकही ओसरू लागला होता. पुढील दोन वर्षांत मात्र ही नाटके सुमारे 14 लाख लोकांनी पाहिली. मी गेले तो प्रयोग 50 व्या वर्षानिमित्त हिम पथकाने केलेला होता आणि त्यात कथा फेर्सनच्या बाजूने सांगितली होती.

तिकीट ओसाकात नोकरी करणाऱ्या माझ्या मावसबहिणीने काढले, आणि तेही एकच मिळाले. “ताई, तू जा, मला इथे राहून पुन्हा केव्हातरी मिळेल,” असे ती म्हणाली खरी, पण ते पुन्हा केव्हातरी किती अवघड असते हे आता मला कळले आहे. नोंदणी, सोडत, रद्द झालेल्या तिकिटांवर ठेवलेली पाळत, हे सारे जपानी वाचता येत नसलेल्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. परक्या प्रेक्षकाची एवढी अडवणूक व्हावी असे या कलेत काहीच नाही, म्हणून मला त्याची खंत वाटते.

स्थानकापासून नाट्यगृहापर्यंत झाडांच्या सावलीतून ‘फुलांची वाट’ जाते. जुलैच्या उकाड्यातही त्या वाटेवर नटून आलेल्या स्त्रियांची रीघ होती: आजी, मुलगी आणि नात अशा तिघी एकत्र, कचेरीतून परस्पर आलेल्या मैत्रिणी, काठी टेकत चाललेल्या वृद्धा. आत सुमारे 2550 खुर्च्या आहेत आणि त्या सगळ्या भरल्या होत्या. एवढ्या गर्दीत मला एकदाही धक्का लागला नाही. मध्यंतरात स्वच्छतागृहापुढे लागलेली लांबलचक रांग पाहून मी आशा सोडली होती, पण कर्मचारी मुली हाताने दिशा दाखवत ती अशा शिस्तीने पुढे नेत होत्या की, डबा खाऊन जागेवर परतायला वेळ उरला.

माझी खुर्ची वरच्या मजल्यावर, बरीच मागे होती. तेथून रंगमंच पूर्ण दिसतो, चेहरे मात्र दिसत नाहीत. सुरुवातीला आजूबाजूला काय चालले आहे हे मला उमगेना, कारण काही विशिष्ट क्षणी शेकडो हात एकाच वेळी वर जात, शेकडो छोट्या दुर्बिणी डोळ्यांना लागत आणि थोड्या वेळाने एकदमच खाली येत. संवाद मला समजत नव्हते आणि कोठे भाषांतराच्या ओळीही दिसत नव्हत्या. पण इंग्रजी भाषांतराचे खंड मी दोनदा वाचून गेले होते, त्यामुळे कोणता प्रवेश चालू आहे हे कळत होते. त्या वर जाणाऱ्या दुर्बिणींवरून मला आणखी एक गोष्ट कळू लागली: कॉमिकमध्ये ज्या जागी इकेदा यांनी चौकटी मोडून पानभर एकच चेहरा काढला असेल, त्या जागा प्रेक्षकांना पाठ होत्या. पानावर लेखिका वाचकाला चेहऱ्याजवळ नेते. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात ते काम प्रेक्षक स्वतः दुर्बिणीने करतो.

शेवटचा प्रवेश तुरुंगाचा आहे. राणीला सोडवण्यासाठी फेर्सन जिवावर उदार होऊन आला आहे आणि ती त्याच्याबरोबर जायला नकार देते. माझ्या शेजारी सत्तरीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. आरंभी मान लववून नमस्कार झाला होता, त्यापलीकडे आमच्यात एका शब्दाचीही देवघेव नव्हती. नकाराचे ते वाक्य येण्याच्या जरा आधी त्यांनी आपली दुर्बीण माझ्या हातात ठेवली. मी परत देऊ लागले तेव्हा त्यांनी माझे मनगट धरून ती माझ्या डोळ्यांकडे नेली. काच अजून त्यांच्या चष्म्याच्या बेताने लावलेली होती, म्हणून मला आधी नुसता पांढरा डाग दिसला. मग चाक फिरवल्यावर एकदम राणीचा चेहरा समोर आला. गालांवर पांढरी रंगभूषा होती, पापण्या रंगवून लांब केल्या होत्या आणि दोन्ही बाहुल्यांत दिव्याचा एकेक ठिपका स्थिर उभा होता. कॉमिकमधील डोळ्यांत काढलेला तारा असतो, तोच तो. तो तेथे आपोआप पडत नाही. 1974 च्या प्रयोगाचे दिग्दर्शन काझुओ हासेगावा या चित्रपटनटाने केले होते, आणि त्यांनी स्वतः तरुणपणी काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारात स्त्रीभूमिकांचे शिक्षण घेतले होते. पहिली ऑस्कर झालेल्या युरी हारुना यांना त्यांनी नजर प्रेक्षागृहातील कोणत्या खुर्चीवर ठेवायची ते नेमून दिले होते, म्हणजे दिव्याचा प्रकाश बुबुळात पकडला जाईल. हे मी आधी वाचले होते. आता ते माझ्या हातातल्या काचेत दिसत होते. राणी पाठ न वळवता दोन पावले मागे सरली, हसली, आणि वधस्तंभाकडे जाणाऱ्या पायऱ्या चढू लागली. मी रडत होते, आणि ज्यांची ती दुर्बीण होती त्या बाई तोवर उघड्या डोळ्यांनी तो दूरचा ठिपका पाहत राहिल्या. हा प्रसंग जवळून पाहण्यासाठी त्या आल्या असणार आणि तोच त्यांनी मला देऊन टाकला. जपानमध्ये माझे आदरातिथ्य पुष्कळांनी केले, परंतु त्यातले काहीही या देण्याच्या जवळ येत नाही.

यानंतर कथा संपते आणि नाचगाण्याची सांगता सुरू होते. रंगमंच व्यापणारा 26 पायऱ्यांचा जिना पुढे येतो. प्रत्येक पायरी जेमतेम 23 सेंटिमीटर रुंद, म्हणजे टाचांच्या बुटातले पाऊल तिच्यावर सरळ मावतही नाही, आणि तरीही खाली न पाहता, गात, पाठीवर पिसांचा डोलारा घेऊन मुख्य नटी उतरत येते. शोकांतिकेनंतर हा झगमगाट कशाला, असे विचारणारे लोक मला भेटले आहेत. मला तो हवासा वाटला. मेलेली माणसे जिवंत होऊन, हसत, एकेक करून आपल्यासमोर येतात आणि वाकून निरोप घेतात. आपल्या भरतवाक्याने प्रेक्षकाचे मन जसे शांत होते तसेच येथेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच गावी गेले, कारण नाट्यगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर ओसामु तेझुका या कॉमिककाराचे संग्रहालय आहे आणि आदल्या दिवशी ते पाहायचे राहून गेले होते. दारापुढे अग्निपक्ष्याचे शिल्प आहे, आत त्यांच्या मूळ चित्रांच्या प्रती आणि लहानपणच्या वह्या आहेत. तेझुका लहानाचे मोठे झाले ते ताकाराझुकातच, आणि आई त्यांना ही नाटके पाहायला नेत असे. 1953 मध्ये त्यांनी राजपुत्र म्हणून वाढवलेल्या राजकन्येचे एक कॉमिक सुरू केले. मुलींच्या कॉमिकमधील तलवार घेतलेल्या नायिकेची वाट तेथून रुळली, आणि ऑस्कर त्याच वाटेने आली. म्हणजे पुरुषी वेषातील स्त्री आधी या गावच्या रंगमंचावर होती, तेथून ती कागदावर गेली आणि 1974 मध्ये ऑस्कर होऊन रंगमंचावर परतली. कॉमिकवरून केलेले नाटक हे उसन्या लोकप्रियतेवर जगते, असे जे म्हटले जाते ते या गावात तरी लागू पडत नाही. येथे देणे-घेणे दोन्ही बाजूंनी चालत आले आहे, आणि म्हणूनच ती चित्रे त्या नटींच्या अंगावर इतकी सहज बसतात.

या कथेची ऑस्करला मध्यभागी ठेवणारी रूपेही वेळोवेळी रंगमंचावर येतात आणि मला त्यांतले एक पाहायचे आहे. मावसबहिणीला तसे सांगून ठेवले आहे. या खेपेस तिकिटे दोन मिळाली तरच मी जाणार आहे, आणि दुर्बीण मी येथूनच घेऊन जाईन.