ते हे

परवा दाराची चौकट कलली आहे का, हे पाहायचे होते आणि त्यासाठी लागणाऱ्या साधनाचे नाव काही केल्या आठवेना. दोरीच्या टोकाला वजन बांधलेली ती वस्तू डोळ्यांपुढे लख्ख दिसत होती, नाव तीन अक्षरी आहे आणि ‘ओ’ने सुरू होते, हेही पक्के ठाऊक होते, तरी जिभेवर येत होते ते ‘ओंडका’ आणि ‘ओसरी’. अखेर नसलेली दोरी चिमटीत धरून हात वर केला आणि भावाला म्हणालो, ‘‘अरे, ते हे दे ना.’’ त्याने निमूटपणे सुतळीला किल्ल्यांचा जुडगा बांधून आणून दिला. शब्द त्यालाही आठवत नव्हता, हे त्याने नंतर कबूल केले.

रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध केला. क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या त्यांनी विद्यार्थ्यांना वाचून दाखवल्या. शब्द ओठांशी येऊन अडला, तरी त्याचे पहिले अक्षर आणि साधारण लांबी पुष्कळांना बरोबर सांगता येत असे. म्हणजे शब्द हरवतो तोही आपल्या मापाचा खड्डा मागे ठेवून, आणि त्या खड्ड्यात ‘ओसरी’ बसत नाही, हे आपल्याला तत्क्षणी कळते.

योगायोग असा की, जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ या संवाद साधणाऱ्या संगणकीय प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली तीही त्याच वर्षी. समोरच्याच्या वाक्यात ओळखीचा शब्द सापडला नाही, की ती ‘पुढे सांगा’ अशा अर्थाचे ठरावीक वाक्य पुढे करी. ही पळवाट आणि आपले ‘ते हे’ वरवर सारखे वाटतील. परंतु तिच्याकडे सांगण्यासारखे काहीच नसे, आणि माझ्याकडे त्या शब्दाखेरीज सगळे होते.

आजची भाषा-प्रारूपे, म्हणजे आपल्याशी लिहून संवाद साधणाऱ्या प्रणालींमागची यंत्रे, एलायझापेक्षा कितीतरी पुढची आहेत. प्रत्येक पायरीवर ती आपल्या संग्रहातील प्रत्येक शब्दखंडाची शक्यता आकड्यांत मोजतात आणि त्यांतून एक निवडतात. आकडे कितीही डळमळीत असले, तरी कोणता ना कोणता शब्दखंड पुढे येतोच. त्यामुळे चुकीचा शब्दही त्यांच्याकडून न अडखळता येऊ शकतो. शिवाय ती शिकली आहेत मुख्यतः लिखित मजकुरावर, आणि लिहिताना आपण आपले अडखळणे आधीच खोडून टाकलेले असते.

मात्र खोटे कशाला बोलू? संध्याकाळी त्या वस्तूचे वर्णन अशाच एका यंत्राला लिहून दिले, तेव्हा त्याने क्षणात लिहिले, ‘ओळंबा’. मी तो शब्द मोठ्याने वाचला, तसा शेजारच्या खोलीतून भाऊ ओरडला, ‘‘हां! तेच ते!’’