नववीचा हजेरीपट

बुधवार

"दाखला काढून न्या. तुमच्या पोराचंही भलं, शाळेचंही भलं." नववीतल्या एका मुलाच्या आईला आज ऑफिसात असं सांगण्यात आलं. आवाज चढवून नव्हे, चहा देऊन. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी होती. मला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही तरी सांगा की ओ." आज कशावरही सही करू नका, एवढंच मी सांगितलं आणि तिला बसस्टॉपपर्यंत सोडून आले. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर नाराजी होती. असू दे.

मुलाचं नाव, गाव इथे लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम तेच सांगतं. मूल कोणत्या शाळेतलं, हेसुद्धा छापता येत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेकडचा भाग, इतकं पुरे.

प्रकरण केबलीचं. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायची, जाळून वरचं आवरण घालवायचं आणि आतलं तांबं भंगारात विकायचं. बरोबर बाविशीतला एक होता. तो आता हिंडलग्याच्या जेलात आहे, त्याची केस निराळी चालणार. लहान मुलाचा खटला मोठ्याबरोबर एकत्र चालवता येत नाही. पण टपरीवर ऐकावं तर 'दोघंही हिंडलग्याला'. अठराच्या आतल्या मुलाला जेलात काय, पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्येही ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. याला तसं केलंही आणि आईच्या ताब्यात दिलं. मात्र गावानं त्याला मनातल्या मनात हिंडलग्याला पाठवून दिलंय.

ज्याची केबल गेली त्याचा राग मला कळतो. मे महिन्यात ऊस वाळत होता, आणि नवी केबल म्हणजे काय खर्च हे शेतकऱ्याच्या घरात विचारावं. त्याची मुलगी आमच्याच शाळेत आहे. तो परवा मला म्हणाला, "तुमाला त्या पोराचा पुळका." मी काही बोलले नाही. त्याचं नुकसान खरंच आहे आणि ते कुणी भरून दिलेलं नाही.

गुरुवार

रजा टाकून मायलेकांबरोबर बेळगावला गेले. जांबोटी रस्त्याला पाऊस नुसता कोसळत होता. आईला आणि मला बायकांच्या मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेमुळे तिकीट नाही, तिकीट काढायचं ते त्याचं. शाळेचा बसपास त्यानं यंदा काढलेलाच नाही. मला ते तिथे कळलं.

मंडळ म्हणजे कोर्ट असेल अशी त्याची समजूत होती, रात्रभर झोपला नव्हता म्हणे. तिथे उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई हवीच. टेबलाच्या पलीकडे ते, अलीकडे हा. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असते, म्हणून कायद्याच्या भाषेत हा किरकोळ गुन्हा. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने. त्यातही नाही संपली तर प्रकरण बंद. मी हे आईला सांगितलं तर तिला आधी खरंच वाटेना. कोर्टाची केस म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची, असंच आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं.

अडचण आली ती मंडळासाठी अहवाल लिहिणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरसमोर. ते कन्नडमधून विचारत होते. माणूस सज्जन, घाईही करत नव्हता. पण पोरगं खाली मान घालून बसलं ते बसलंच. दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकतो, पेपर लिहितो, पण 'त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं' या प्रश्नाचं उत्तर द्यायला पाठ्यपुस्तकातलं कन्नड पुरत नाही. मी मध्ये बसून मराठीत विचारलं. हळूहळू बोलायला लागला. मोठ्या मुलानं पहिल्यांदा त्याला गाडीवरून फिरवलं, भजी खाऊ घातली, मग मोबाइलचा रिचार्ज मारून दिला. "माझ्याकडून कधी काय मागायचा नाही," म्हणाला. "मग एकदा मागितलं." मी दुभाषीपणा केला नसता तर कागदावर काय गेलं असतं? मुलगा सहकार्य करत नाही, हेच.

आणि तो कागद साधा नसतो. सामाजिक तपासणी अहवालात शाळा का सोडली, वर्गातली मुलं याच्याशी कशी वागतात, शिक्षक कसे वागतात, असले प्रश्न असतात. मंडळ पुढचं बरंचसं त्यावर ठरवतं. समज देऊन सोडायचं, समुपदेशन, समाजसेवा, की देखरेखीखाली ठेवायचं. आमच्या ऑफिसातून काल दाखला निघाला असता तर त्या रकान्यात 'शाळा नाही' एवढंच उरलं असतं.

शुक्रवार, रात्री

लाइट नाही. मोबाइलच्या उजेडात लिहितेय.

गेल्या वर्षीचा हजेरीपट उघडून पाहिला. आमच्या बेळगाव जिल्ह्यात आठवी हायस्कुलात असते. सातवीपर्यंत हा गावातल्या सरकारी मराठी शाळेत होता. तिथल्या गुरुजींना त्याच्या घरची गायसुद्धा ठाऊक. आठवीला बस, नवा वर्ग, प्रत्येक विषयाला निराळा शिक्षक. जुलैत भातलावणीला अर्धा वर्ग गैरहजर असतो, त्यात हाही. लावणी संपली, बाकीचे परतले, हा आला नाही. मग मधूनच यायचा. मांडणाऱ्यानं मांडावं तर सगळं त्या पटावरच मांडलेलं आहे. चोरीच्या कितीतरी आधी. बाप गोव्यात कामाला, गणपतीला येणारा. आई लोकांच्या शेतावर. घरी विचारणारं कोण?

दुसरी गोष्ट मला जास्त डाचते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे. आठवी पुरी होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही. बालमजुरीचा कायदाही चौदानंतर सैल होतो, धोक्याची कामं सोडून बाकी कुठेही पोराला कामाला लावता येतं. म्हणजे नववीत पाऊल टाकल्याबरोबर शाळेला त्याला घालवण्याची मुभा आणि गोव्यातल्या हॉटेलवाल्याला त्याला ठेवून घेण्याची मुभा. त्यात आमची एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालाची टक्केवारी. दहावीला नापास होईलसं पोर नववीतच गळालं तर निकाल सुधारतो, हे कुणी बोलत नाही, पण स्टाफरूममध्ये प्रत्येकाला कळतं. मी या बाबतीत शाळेवर पोलिसांपेक्षा जास्त रागावलेय. पोलिसांनी निदान त्याला कायद्यात सांगितलं तिथे नेलं.

कायदा सांगतो की या नोंदीमुळे त्याला पुढे नोकरीत, शिक्षणात कसलीही अपात्रता येऊ नये, अपिलाची मुदत आणि ठराविक काळ संपला की कागदही नष्ट करावेत. कागद जाळता येतील. वर्गातल्या पोरांनी त्याचं नाव 'केबल' पाडलंय, त्याचं काय करणार?

शनिवार

अर्ध्या दिवसाची शाळा. मुख्याध्यापकांशी दार लावून बोलले. त्यांच्याबद्दल कडू लिहिलं, पण माणूस वाईट नाही. त्यांना वरून विचारणा होते, खालून एसडीएमसीवाले, म्हणजे शाळेच्या समितीतले पालक, बोलतात, मध्ये ते. मी त्यांना सांगितलं की पुढच्या तारखेला मंडळ हजेरी विचारणार आहे. ती आपल्या पटावरची असणार. तेव्हा 'नाव कमी केलं' हे आपल्या सहीनं जाईल. हे मात्र त्यांना लगेच पटलं. भीतीनं पटलं की मायेनं, याची चौकशी मी केली नाही.

वर्गात भाषण दिलं नाही. 'केबल' म्हणणाऱ्या दोघांना बोलावून एवढंच म्हटलं की ज्याला हाक मारायची त्याला नावानं मारा. त्याला दुसऱ्या बाकावर, खोखोच्या कॅप्टनशेजारी बसवलं. कॅप्टन त्याच्याशी बोलतो, कारण तो कुणाशीही बोलतो.

दुपारी एफए-1 चे, म्हणजे वर्षातल्या पहिल्या चाचणीचे, गुण भरायला बसले. त्याच्यापुढचे सगळे रकाने कोरे. मराठी आणि समाज विज्ञानाची चाचणी मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत घेते, विज्ञानाचे सर हो म्हणालेत. कन्नडच्या मॅडमना विचारायचंय. गणिताचं अवघड आहे. बसपासच्या अर्जावर फोटो लागतो, तो त्यानं आणलेला नाही.