उणे २२ अंशांत सायकल: ओउलूतले ६ किलोमीटर

सकाळचे पावणेआठ. जानेवारीत ओउलूत सूर्य दहाच्या आसपास उगवतो, म्हणजे अजून मध्यरात्रच म्हणा. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांना वायरी लावलेल्या आहेत, इंजिन गोठू नये म्हणून. शेजारी काचेवरचं बर्फ खरवडतोय. त्याची काच साफ होईपर्यंत मी नदीपाशी पोचतो.

पुण्यातून फिनलंडच्या या उत्तरेकडच्या शहरात आलो तेव्हा गाडी घ्यायचीच असं ठरलं होतं. तीन हिवाळे झाले, अजून घेतलेली नाही. आई व्हिडिओ कॉलवर दर डिसेंबरात विचारते, "अरे, सायकलवर? आणि तीही बर्फात?" तिला पटत नाही, पण उणे २० ला सायकल चालवणं शून्याला चालवण्यापेक्षा सोपं असतं. कडक थंडीत दाबलेलं बर्फ कोरडं असतं, चाकाखाली करकरतं आणि टायर धरून ठेवतं. इथे सायकलमार्गांवर मीठ टाकत नाहीत. बर्फ बाजूला सारून, उरलेलं दाबून, वर बारीक खडी पसरतात. त्यामुळे खाली चिखल होत नाही. २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद याच गावात भरली होती. शाळेची पोरं मला मागे टाकून जातात, तेव्हा त्यामागचं कारण कळतं.

नदीवरच्या मेरिकोस्कीच्या पुलावर वारा लागतो. खाली धरणातून सुटलेल्या पाण्यावर वाफ तरंगत असते. हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात गार टप्पा. गळपट्टा नाकापर्यंत ओढून घ्या, पण चष्मा असेल तर श्वासाने काच धुरकटते आणि क्षणात गोठते. मी चष्मा खिशात टाकतो नि अंदाजाने जातो, जे तुम्ही करू नका, लेन्स लावा. पुढे तुइरा ही वस्ती, मग लिनानमाच्या विद्यापीठापर्यंत जवळजवळ सपाट रस्ता.

कपड्यांत सगळ्यांची एकच चूक होते: जास्त घालतात. घरातून निघताना थोडं कुडकुडायलाच हवं. दहा मिनिटांत घाम फुटला तर पुढची वीस मिनिटं तोच घाम गोठवतो. अंगालगत लोकरीचा पातळ थर, सुती बनियन अजिबात नाही. बोटांसाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे जाड हातमोजे बरे. बूट एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात पाय आधी मरतो.

खिळ्यांचे टायर नोव्हेंबरआधीच बसवा. पहिल्या वर्षी मी दोन आठवडे उशीर केला. रात्री पाऊस, पहाटे गोठण, डांबरावर न दिसणारा, काचेसारखा बर्फाचा थर. कोपर महिनाभर दुखलं. नवीन टायरवर पहिले ४०-५० किलोमीटर जपून चालवा, जोराने ब्रेक मारू नका, म्हणजे खिळे नीट बसतात. पैसे पुरत नसतील तर निदान पुढचा तरी घ्या. पुढचं चाक सुटलं की सावरता येत नाही.

एकदा उणे २४ ला पॅडल नुसतंच फिरू लागलं, चाक जागचं हलेना. फ्रीव्हीलमधलं, म्हणजे पॅडल थांबवलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागातलं, ग्रीस थिजलं होतं. दोन किलोमीटर सायकल ढकलत नेली. तेव्हापासून तिथे पातळ तेल घालतो आणि सायकल बाहेरच्या थंड शेडमध्येच ठेवतो. गरम घरात नेली की तिच्यावर पाणी सुटतं, आणि बाहेर काढल्यावर ते केबलमध्ये गोठतं. पायाने मागे दाबून लागणारा ब्रेक असलेली जुनी साधी सायकल मिळाली तर तीच घ्या. जाड मोजे घातलेल्या हातांना त्यात काही करावं लागत नाही. दिव्याची बॅटरी आतल्या खिशात ठेवून न्या, थंडीत ती पटकन मान टाकते.

मार्च-एप्रिलला मात्र माझाही धीर सुटतो. दुपारी वितळतं, रात्री गोठतं, आणि हिवाळाभर टाकलेली खडी उघडी पडते. तिच्या धारेने पंक्चर होतात, म्हणून त्या दिवसांत पंप आणि जादा ट्यूब बरोबर ठेवतो.