एसएपीतलं ॲक्टिव्हेशन आणि काट्याची पावती: माझा अनुभव

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं एसएपीचं, म्हणजे कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम आमच्या टीमकडे आहे. बसतो आम्ही नागपुरात परसोडीला, आयटी पार्कच्या रस्त्यावर. कारखान्याच्या गेटवर ट्रक आला की आधी भरलेला तोलतात, माल उतरला की रिकामा तोलतात आणि काट्याची पावती निघते. त्यासाठी एक झेड टेबल (म्हणजे आपण स्वतः बनवलेलं), दोन-तीन स्ट्रक्चर (रकान्यांचे नुसते साचे), एक क्लास आणि एक रिपोर्ट, एवढाच संसार. मागणीही दोन ओळींची आली: गाडी नंबर १० अक्षरांचा आहे तो १५ चा करा, आणि निव्वळ वजन वेगळं साठवा.

गाडी नंबर खरं तर १० अक्षरांतच बसतो. पण ट्रान्सपोर्टरच्या बिलावर तो मधल्या रेघांसकट असतो, ‘एमएच-३१-एबी-१२३४’ असा, म्हणजे १३ अक्षरं. रेघा कोडमध्येच काढून टाकाव्यात असं माझं मत होतं, अजूनही आहे. पण हिशेब विभागाला पावती बिलाशी जशीच्या तशी जुळवायची होती. त्यांच्यापुढे कोण बोलणार!

एबॅपमध्ये, म्हणजे एसएपीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगतो. इथे सेव्ह करणं आणि ॲक्टिव्हेट करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सेव्ह केलं की ऑब्जेक्टची (टेबल, क्लास, रिपोर्ट, जे असेल त्याची) इनॲक्टिव्ह आवृत्ती तयार होते. बाकी सिस्टिम जुन्या ॲक्टिव्ह आवृत्तीवरच चालत राहते. कंट्रोल-एफ३ दाबल्यावर तपासणी होते, ती पार पडली तर नवी आवृत्ती लागू होते. डिक्शनरीच्या, म्हणजे टेबल आणि रकान्यांच्या व्याख्यांच्या, बाबतीत रनटाइम ऑब्जेक्टही तयार होतो, त्याला नेमटॅब म्हणतात. टेबल असेल तर डेटाबेसमधल्या टेबलालाही हात लागतो.

मी एसई११ मध्ये (हा डिक्शनरीच्या स्क्रीनचा कोड, पुढचे एसई, एसटी वगैरेही असेच स्क्रीनचे कोड) गाडी नंबरचं डोमेन, म्हणजे रकान्याचा प्रकार आणि लांबी ठरवणारी व्याख्या, उघडलं, १० चे १५ केले आणि ॲक्टिव्हेट केलं. डोमेन एकटं कधीच हलत नाही. त्यावर रकान्याला नाव-अर्थ देणारं डेटा एलिमेंट, त्यावर स्ट्रक्चर आणि टेबल, त्यावर व्ह्यू अशी उतरंड असते आणि सिस्टिम ती सगळी नव्याने ॲक्टिव्हेट करत जाते. म्हणून डोमेनला हात लावण्याआधी व्हेअर-यूज्ड लिस्ट काढून बघतो. गाडी नंबरचं डोमेन कोणी भलत्याच ठिकाणी वापरलेलं नाही ना, ते तिथे कळतं. लांबी वाढवायची असेल तर डेटाबेसला सहसा साधं ऑल्टर पुरतं. लांबी कमी करायला गेलं की टेबल कन्व्हर्ट करा म्हणून सिस्टिम अडते आणि एसई१४ मध्ये पाठवते. तिथे डेटा जपायचा की पुसायचा असे दोन पर्याय शेजारी-शेजारी असतात. त्या स्क्रीनवर मी घाईत कधीच जात नाही.

मग टेबलात निव्वळ वजनाचा रकाना घातला. प्रकार क्वान, म्हणजे परिमाण. अशा रकान्याला एककाचा संदर्भ द्यावा लागतो: कोणत्या टेबलातल्या कोणत्या रकान्यात किलो की टन लिहिलंय ते. तो दिल्याशिवाय ॲक्टिव्हेशन पुढे जात नाही आणि लॉगमध्ये रेफरन्स टेबल, रेफरन्स फील्ड मागणारी लाल ओळ येते. रकमेचंही तसंच, तिथे चलनाचा संदर्भ लागतो. एन्हान्समेंट कॅटेगरीची (टेबल पुढे वाढवता येईल का, ते सांगणारी नोंद) पिवळी ओळही बहुतेकांना भेटते. ती नुसती सूचना आहे, तिने काम अडत नाही. तरी मी ती भरून टाकतो. लॉगमध्ये पिवळं साठत गेलं की एक दिवस त्यात लाल ओळ नजरेतून सुटते.

खरी गंमत रिपोर्टला आली. निव्वळ वजन काढणारी मेथड, म्हणजे क्लासमधला कोडचा तुकडा, टीममधल्या एका पोराने क्लासमध्ये आधीच लिहून ठेवली होती. मी रिपोर्टमध्ये ती बोलावली, ॲक्टिव्हेट केलं, तर म्हणे अशी मेथडच नाही. एसई२४ मध्ये क्लास उघडला, मेथड समोर. परत ॲक्टिव्हेट केलं, परत नाही. डोळ्यांनी दिसतेय आणि सिस्टिम नाही म्हणतेय! उत्तर क्लासच्या नावाशेजारीच लिहिलेलं होतं, इनॲक्टिव्ह. एडिटर सगळ्यांनाच शेवटची सेव्ह केलेली आवृत्ती दाखवतो. पण माझा रिपोर्ट ॲक्टिव्हेट होताना, सोबत निवडलेले ऑब्जेक्ट सोडले तर, बाकी सगळं ॲक्टिव्ह आवृत्तीतूनच तपासलं जातं. आणि ॲक्टिव्ह आवृत्तीत ती मेथड नव्हतीच.

ॲक्टिव्हेट करताना जी यादी समोर येते, ती आपल्याच नावाच्या ऑब्जेक्टची असते. दुसऱ्याचं काय पडून आहे ते बघायला एसई८० मध्ये इनॲक्टिव्ह ऑब्जेक्ट निवडून त्याचा यूजर टाकावा लागतो. टाकला, तर क्लास तिथे निवांत पडलेली. पोरगा सुट्टीवर, काटोलला, घरच्या संत्र्याचा तोडा सुरू. फोन लावला.

“अरे, तुझी क्लास इनॲक्टिव्ह आहे.”

“राहूनच गेलं ना दादा ते. करून टाका ना तुम्हीच, मी वावरात आहो.”

क्लासही एकटी ॲक्टिव्हेट होईना, कारण तिला हवं असलेलं स्ट्रक्चरमधलं नवं फील्ड माझ्याकडे सेव्ह होतं, पण ॲक्टिव्ह नव्हतं. म्हणजे रिपोर्टला क्लास हवी आणि क्लासला स्ट्रक्चर. आधी खालचं स्ट्रक्चर हिरवं केलं, मग क्लास आणि रिपोर्ट एकत्र निवडून ॲक्टिव्हेट केले. झालं. एक्लिप्स या वेगळ्या एडिटरमधून काम करणाऱ्यांना कंट्रोल-शिफ्ट-एफ३ ने सगळी यादी एकदम मिळते, हे त्यातल्या त्यात सोयीचं.

या भानगडीत एक बटण सारखं डोकावतं, ‘ॲक्टिव्हेट एनीवे’. चुका असल्या तरी लागू करा, असा त्याचा अर्थ. ते दाबलं की मोडका कोड ॲक्टिव्ह होतो आणि वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर डम्प पडतो, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. एसटी२२ मध्ये सिंटॅक्स एरर म्हणून तो सापडतो खरा, पण तोवर गेटवर ट्रकांची रांग लागलेली असते. मी ते बटण दाबत नाही आणि टीमलाही दाबू देत नाही.

डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये सगळं हिरवं झाल्यावर आधी टास्क, मग रिक्वेस्ट (बदल पुढच्या सिस्टिमला नेणारं गाठोडं, टास्क हा त्यातला एकेकाचा वाटा) रिलीज केली आणि क्वालिटी, म्हणजे चाचणीच्या, सिस्टिममध्ये इम्पोर्टला लावली. रिटर्न कोड ८. इथे ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे सूचना, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे गंभीर. एसटीएमएसमध्ये, म्हणजे इम्पोर्टच्या स्क्रीनवर, लॉग उघडला तर डिक्शनरी ॲक्टिव्हेशनच्या टप्प्यावर लाल ओळींची रांग: टेबल नाही, स्ट्रक्चर नाही, व्ह्यू नाही. अशा वेळी मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात करत नाही. बहुतेक ओळी दुसऱ्या कुणाच्या तरी पडण्याने पडलेल्या असतात, म्हणून उतरंडीत सगळ्यात खाली असलेलं नाव शोधतो. ते सापडलं: निव्वळ वजनाचं डेटा एलिमेंट. ते त्याच पोराने बनवलेलं, त्याच्या रिक्वेस्टमध्ये, आणि ती रिक्वेस्ट अजून रिलीजच झालेली नव्हती. डेव्हलपमेंटमध्ये ते हजर होतं, त्यामुळे तिथे कुणाला पत्ता लागला नाही. क्वालिटीत ते पोचलंच नव्हतं. त्याची रिक्वेस्ट रिलीज करवली, आधी ती घेतली, मागून माझी पुन्हा घेतली. कोड ४ आला आणि त्यात जुन्या पिवळ्या ओळीच होत्या.

प्रॉडक्शनला, म्हणजे कारखान्याच्या चालू सिस्टिमला, रविवारी सकाळी, गेटवर वर्दळ नसताना, दोन्ही रिक्वेस्ट त्याच क्रमाने गेल्या.

सोमवारी काट्यावरून फोन आला, पावतीवर गाडी नंबर अर्धाच छापतोय. पावतीचा स्मार्टफॉर्म, म्हणजे छपाईचा साचा, वेगळा असतो. त्यातली चौकट १० अक्षरांच्या मापाची होती आणि डोमेन वाढलं म्हणून ती आपोआप वाढत नाही. फॉर्म स्वतंत्रपणे उघडून बदलायचा, ॲक्टिव्हेट करायचा आणि पुढे पाठवायचा. त्याचं फंक्शन मॉड्यूल (फॉर्म छापणारा कोड) सिस्टिम आपोआप तयार करते आणि त्याचं नाव प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळं असू शकतं, म्हणून कोडमध्ये ते नाव थेट लिहीत नाहीत, दर वेळी विचारून घेतात. आमच्या जुन्या कोडमध्ये ते विचारूनच घेतलेलं होतं, कोणी लिहिलं देव जाणे. चौकट रुंद केली, फॉर्म पाठवला आणि दुपारच्या गाड्यांच्या पावत्या पूर्ण नंबरानिशी निघाल्या.