दोन पंप हाईत की, मग काळजी कसली?

कोल्हापूरजवळ शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एखाद्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या यंत्रणेच्या भरवशाचा हिशेब मांडायला गेलो, की चहाच्या आधी हा प्रश्न येतो. ‘‘दोन पंप हाईत की सायेब, एक गेला तर दुसरा. मग काळजी कसली?’’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. काळजी त्या दोघांत सामाईक काय आहे, याची.

गरजेच्या वेळी एक पंप दगा देण्याची शक्यता १०० त १ धरा. दोन्ही एकदम जाण्याची मग १०,००० त १. गणित गोड आहे, पण हा गुणाकार एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल तरच खरा. प्रत्यक्षात दोन्ही पंप एकाच पॅनेलवर असतात, एकाच टाकीतून पाणी ओढतात, एकाच मिस्त्रीच्या हाताखालून जातात. बिघाडांपैकी १० टक्के जरी अशा सामाईक कारणानं होत असले, तरी दोन्ही जाण्याची शक्यता १००० त १ वर येते. दहापट वाईट! वर तिसरा, चौथा पंप आणलात तरी ती तिथून फारशी हलत नाही.

२०१९ च्या महापुरात शहराला पाणी देणारी बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्यात गेली, ते कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. केंद्रं दोन, पूर एकच. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात त्सुनामीनं एकामागून एक डिझेल जनरेटर बंद पाडले. सहाव्या अणुभट्टीचा हवेनं थंड होणारा एक जनरेटर तेवढा चालू राहिला, आणि त्यानं पाचवी व सहावी अणुभट्टी सांभाळली. तो बाकीच्या बहुतेकांसारखा नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून फॉल्ट ट्री, म्हणजे बिघाडाच्या कारणांचं झाड, काढताना मी वर ‘भट्टीचं पाणी बंद’ असं लिहून खाली कारणांच्या फांद्या पाडतो, आणि वेगवेगळ्या फांद्यांवर तेच कारण पुन्हा येतंय का, ते शोधतो. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत तिथल्या मिनिटमन क्षेपणास्त्रांसाठी निघाली. आपल्या फौंड्रीत ती शोधून देते ते बहुतेक वेळा एकच: वीज.

इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेच्या कॉइलनं (भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यानं) लोखंड वितळवणाऱ्या भट्टीत, वीज गेली तरी वितळलेल्या लोखंडाची उष्णता कॉइलकडे येतच राहते, पाणी थांबून चालत नाही. तिथं तिसऱ्या पंपापेक्षा मला उंचावरची टाकी भरवशाची वाटते, कारण पाणी खाली यायला वीज लागत नाही. तिचा व्हॉल्व्ह मात्र विजेवरचा असेल, तर वीज गेल्यावर तो उघडतो की मिटतो, हे भट्टी रिकामी नि थंड असताना मेन स्विच पाडून बघून घ्या.